जावयाची सुई

जंतू दिसत नाहीत म्हणजे ते नाहीतच, असं मी चार वर्षं सही ठोकून लिहून देत होते. अकोल्याच्या एका दवाखान्यात मी लॅबमध्ये होते. चीनची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. वडील अमरावतीला मास्तर. मुलीनंही शाळेतच शिकवावं अशी त्यांची फार इच्छा. पण पोरांचा गलका मला सहन होत नाही, डोकं तापतं, हे मला लवकरच कळलं होतं. त्यापेक्षा जंतू बरे, ते निदान बोलत तरी नाहीत. नागपूरला कोर्स केला आणि अकोल्याला रुजू झाले. लॅबचे डॉक्टर रिटायर झाले, नवे यायचे होते ते यायचेच राहिले, त्यामुळे रक्त, लघवी, थुंकी, पू सगळं माझ्याच गळ्यात. दोन टेबलं, एक मायक्रोस्कोप आणि एक इन्क्युबेटर, एवढ्या राज्याची मी राणी होते, आणि राणीसारखीच वागत होते.

काम कसं चालायचं ते आधी सांगते. काचेच्या उथळ प्लेटीत मेंढीचं रक्त घातलेली जेली गोठवायची. पेशंटच्या अंगातला पू किंवा पाणी तारेच्या टोकानं तिच्यावर ओढायचं आणि ती प्लेट इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंगाइतकी ऊब राखणाऱ्या पेटीत ठेवायची. जंतू असले की दुसऱ्या दिवशी खसखशीसारखे ठिपके उगवतात. दोन दिवसांत काहीच उगवलं नाही, तर "वाढ नाही" असं लिहायचं, सही करायची आणि प्लेट उकळून धुवायला टाकायची. प्लेटी मोजक्या, आणि रांगेत दुसरा पू उभाच. असंच शिकवलं होतं, असंच सगळीकडे चालायचं. मी त्यात मोठी चोख. माझ्या रिपोर्टावर कुणी बोट ठेवलेलं मला खपायचं नाही.

होळी होऊन ऊन तापायला लागलं त्या सुमारास हाडांच्या डॉक्टरांकडे एक बाई दाखल झाली. हिवरखेडच्या बाजूची, शेतकरी घरातली, पन्नाशीच्या आसपासची. दोन वर्षांपूर्वी कापूस वेचताना धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलानं तिला थेट मुंबईला नेलं. तिथं मांडीच्या हाडाचं मोडलेलं डोकं काढून टाकलं आणि त्या जागी पोलादी गोळा बसवला. गोळ्याला खाली दांडा, तो हाडाच्या पोकळीत ठोकून घट्ट केलेला. आमच्याकडे तेव्हा ही गोष्ट ऐकूनच लोक तोंडात बोट घालत. माणसाच्या अंगात लोखंड, अन् माणूस चालतो! दुसऱ्या वॉर्डांतले पेशंट तिला बघायला येत. एक म्हातारबुवा तर "वाजते काय वं ते?" म्हणून विचारून गेले.

चालली ती एक वर्ष. मग दुखायला लागलं. ताप नाही, सूज नाही, टाक्यांची जागा केव्हाच सुकलेली. पण पाय टेकवला की ओरडायची. एक्स-रेत दांड्याभोवती काळी रेघ दिसत होती.

डॉक्टर विलायतेहून शिकून आलेले. मला "बाई" म्हणत, मी त्यांना "सर". दोघांच्याही नाकाच्या शेंड्यावर राग, त्यामुळे आम्ही एकमेकांना जरा जपूनच असू. ते एक्स-रे घेऊन लॅबमध्ये आले आणि म्हणाले, "बाई, गोळा सैल झालाय हे मला दिसतंय. नुसताच सैल झालाय, की आत जंतूंनी घर केलंय म्हणून सैल झालाय, हे मला दिसत नाही. ते तुम्ही सांगायचं. नुसता सैल असेल तर मी नवा बसवतो, मुंबईहून येऊन पडलाय. पण आत जंतू असले आणि त्यातच मी नवा गोळा ठोकला, तर सगळी मांडी नासेल. पाय जाईल. कदाचित बाईही जाईल."

रक्ताचा ईएसआर, म्हणजे अंगात कुठं दाह असला की चढणारा आकडा, वाढलेला होता. पण तो आमच्या भागात कुणाचा वाढलेला नसतो? जंत, हिवताप, अंगात रक्त नाही, कशानंही वाढतो. तेव्हा राहिलं खुब्यातलं पाणी. सरांनी सोमवारी लांब सुई आत घालून जेमतेम चमचाभर पाणी काढलं, गढूळ, पिवळसर, आणि सिरिंज तशीच लॅबमध्ये पाठवली.

मी त्या वेळी दवाखान्याच्या आचाऱ्याच्या गळवाचा पू एका प्लेटभर पसरून बसले होते. झाकण उघडंच. सिरिंज हातात घेतली आणि तिच्या टोकावरून एक थेंब टपकन त्या उघड्या प्लेटीत पडला. मी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. पण प्लेट टाकून द्यायला जीव होईना. बाईचं पाणी तिच्या स्वतःच्या प्लेटीवर नीट ओढलं, उरलेलं नळीत बूच लावून थंड जागी ठेवलं, आणि दोन्ही प्लेटी पेटीत ढकलल्या.

मंगळवारी सकाळी आचाऱ्याची प्लेट पिवळ्या ठिपक्यांनी भरून गेली होती, फक्त मधोमध चार आण्याच्या नाण्याएवढा गोल स्वच्छ. मी मनात म्हटलं, स्पिरिट सांडलं असेल. बुधवारी बाईची प्लेट पाहिली. लखलखीत कोरी. "वाढ नाही" लिहिलं, सही केली, रिपोर्ट गेला. सरांनी लगेच शुक्रवारचं ऑपरेशन ठरवलं.

मग प्लेटी उकळायला घेतल्या. आचाऱ्याची प्लेट हातात आली आणि टाकवेना. तो गोल काही डोक्यातून जाईना. स्पिरिट तर उडून जातं, ते असा रेखीव गोल कशाला काढेल? आणि मग आठवलं, की तिथं काय पडलं होतं. पडला होता तो त्या बाईच्या खुब्यातला थेंब. मी नळीत उरलेलं पाणी काढलं. नवी प्लेट घेतली, आचाऱ्याचे जंतू तिच्यावर सारवल्यासारखे पसरले, एका बाजूला त्या पाण्याचा थेंब ठेवला, दुसऱ्या बाजूला नुसत्या सलाइनचा.

गुरुवारी सकाळी झाकण उचललं आणि माझ्या अंगावर काटा आला. सलाइनच्या जागी जंतू खुशाल माजले होते. पाण्याच्या थेंबाभोवती मात्र स्वच्छ गोल. एकही ठिपका आत शिरलेला नाही, जणू कुणी रांगोळीची रेघ ओढून "इथवरच" म्हणून बजावलं होतं. कोर्सला असताना पेनिसिलिनचं असं वर्तुळ आम्हाला दाखवलं होतं. पण ते बाटलीतलं पेनिसिलिन. हे एका बाईच्या हाडातून आलेलं पाणी, आणि ते माझ्यासमोर काचेवर जंतू मारत होतं! मी उभीच राहिले. खरं सांगते, देवळात गाभाऱ्यासमोर मला कधी असं झालं नाही.

अन् मग हिशेब लागला. बाईच्या खुब्यात पेनिसिलिन होतं, म्हणजे तिच्या प्लेटीवर काही न उगवणं ह्याला काहीच अर्थ नव्हता. जंतू नसतील म्हणून उगवले नसतील, किंवा असतील आणि पेनिसिलिननं झोपवले असतील. माझा "वाढ नाही" हा रिपोर्ट म्हणजे नुसता कागद. आणि त्या कागदावर उद्या सकाळी तिची मांडी उघडणार होती.

केसपेपरवर लिहिलं होतं : औषध, काही नाही. मी तडक वॉर्डात गेले.

"मावशी, तुम्ही कोणतं औषध घेता?"

"कोनतंच नाई बापा."

"सुई घेतली कधी? इंजेक्शन?"

तिनं पदर सारखा केला आणि खिडकीकडे बघायला लागली. माझं डोकं फिरलं. "मूग गिळून काय बसता मावशी? उद्या तुमच्यावर सुरी चालायची आहे, काही कळतंय का?"

"काहून वं ओरडून राह्यली? लोकं पाहून राह्यले." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "जावईबापू देतेत. तिकडं एका डाक्टरकडे कंपौंडर हायेत ते. घरी आले का देतेत एक सुई. लय मायाळू. पांढरी रायते, घट्ट, दुधावानी."

"केव्हापासून?"

"दुखनं लागलं तवापासून. आठ दिसात एक-दोन येळा. इकडं निघालो त्या शनवारीबी देल्ली, मने परवासात ताकद राहीन."

तेलातलं पेनिसिलिन. ते अंगात तीन-तीन, चार-चार दिवस मुरत राहतं.

"अन् डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात?"

"मंग काय सांगू माय? एवढ्या मोठ्या डाक्टरच्या दारी यावं, अन् त्याइले सांगावं का म्या दुसऱ्याची सुई घेते? त्याइचा अपमान नाई होत? अन् जावयाले कसं मनू, नोको तुमची सुई? पोरगी नांदून राह्यली ना आपली त्याच्या घरी."

मी तिच्या पलंगावर बसलेच. रागवायचं तरी कुणावर? जावई घरी येतो तेव्हा सासू पुरणपोळी करते, पाटाभोवती रांगोळी काढते. त्याच्या हातात देण्यासारखी एकच गोष्ट होती, ती तो मनापासून देत होता. आमच्या वऱ्हाडात जावयानं हातानं दिलेलं परत करायची कुणाची छाती आहे? डॉक्टरांचा मान राखला, जावयाचा मान राखला, आणि ह्या दोन मानांच्या मध्ये आपला पाय ठेवून दिला. आणि हे तिला एकटीलाच सुचलं असतं असं समजू नका. माझी स्वतःची आई अमरावतीला वैद्यांचा काढा घेऊन, पदरानं तोंड पुसून, मग डॉक्टरकडे जायची.

सरांची ओपीडी चालू होती. मी सरळ आत गेले. "सर, माझा रिपोर्ट चुकलाय."

"म्हणजे जंतू आहेत?"

"माहीत नाही."

"मग चुकलाय कशावरून?" त्यांचा आवाज चढला. "बाई, थिएटर लावलंय, रक्ताची सोय केलीय. आता ऐन वेळी तुमचं घोडं कुठं पेंड खातंय?"

मी प्लेट त्यांच्यापुढे ठेवली.

"हा गोल कशाचा?"

"तुमच्या पेशंटच्या खुब्यातल्या पाण्याचा."

ते खुर्चीतून उठले, प्लेट खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरली. मी जावयाचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे, डोळे त्या गोलावरच. शेवटी म्हणाले, "हे करून पाहा असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही सर. थेंब सांडला."

ते हसले. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. मग त्यांनी स्वतः जाऊन पाटीवरचं शुक्रवारचं ऑपरेशन पुसून टाकलं.

ठरलं असं. तीन आठवडे एकही सुई नाही. मग तीन वेगळ्या सिरिंजांनी तीनदा पाणी काढायचं. तिन्हींत तोच जंतू आला तर तो खरा, एकातच आला तर तो कातडीवरचा किंवा माझ्या हातचा. आणि प्लेटी, नळ्या दोन दिवस नाही, दोन आठवडे ठेवायच्या. "काही जंतू आळशी असतात बाई. लोखंडाला चिकटून गुपचूप बसतात, ताप नाही, पू नाही. तिकडे असताना ऐकलं होतं मी."

"दोन आठवडे? मी प्लेटी कुठून आणू सर? बाकीच्यांचं काय?"

"ते बघा तुम्ही," म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. हे बरंय!

बाईला मी तीनतीनदा बजावलं, जावई आले तर मला बोलवा, मी सांगते त्यांना काय ते. पण तो आला नेमका मी डबा खायला खोलीवर गेले होते तेव्हा. पिशवीत सिरिंजचा डबा घेऊनच आला होता. मी परतले तर पलंगाशेजारच्या स्टुलावर चहाचा भरलेला कप तसाच, वर साय धरलेला, आणि बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"म्हनलं म्या," ती म्हणाली. "तोंडावर म्हनलं, नोको मनून. च्याबी नाई घेतला त्यानं. उठले अन् गेले."

मला तेव्हा त्याचं फारसं काही वाटलं नाही. एक कंपाउंडर रुसला तर रुसला! मला माझ्या नळ्यांची पडली होती.

तीन आठवडे तिनं दात-ओठ खात काढले. सुई बंद झाल्यावर दुखणं वाढलंच. मग तीनदा पाणी काढलं, आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. कारण तोवर वैशाख तोंडावर आला होता, आणि अकोल्याचा उन्हाळा ज्यानं पाहिलाय त्यालाच कळेल मी काय म्हणते ते. इन्क्युबेटर ऊब देतो, थंडावा देत नाही. दुपारी लॅबमधली हवा पेटीतल्या हवेपेक्षा तापायची. जंतू उगवायच्या आधीच भाजून मरतील अशी पाळी. जगात लोक इन्क्युबेटर गरम करतात, मी माझा गार करत बसले होते! पेटीभोवती ओलं पोतं गुंडाळलं, खिडकीला वाळ्याची ताटी लावली, दर तासाला पोत्यावर तांब्याभर पाणी मारायचं आणि आतला थर्मामीटर बघायचा. दोन शनिवार अमरावतीला गेले नाही. वडिलांचं कार्ड आलं, "प्रकृती बरी आहे ना?" माझी बरी आहे, म्हणून उलट कळवलं, दुसऱ्या एकीची सांभाळते आहे.

दुसरा दिवस, काही नाही. चौथा, काही नाही. सातव्या दिवशी सर दारातून डोकावले, मी मान हलवली, ते गेले. बाईचा मुलगा म्हणायला लागला, नाहीत जंतू तर बसवा की नवा गोळा, आई किती दिवस सोसणार? मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आधीची माझी सही बरोबरच होती, उगाच मी राईचा पर्वत केला आणि एका बाईला महिनाभर छळलं, असं मनात येऊन जेवण जाईना.

नवव्या दिवशी सकाळी पहिली नळी उजेडात धरली. त्यात जंतूंसाठी केलेला मांसाचा स्वच्छ रस्सा होता. तळाशी धूर असतो तसं काहीतरी. मला वाटलं डोळ्यांना अंधारी आली. चष्मा पुसला. दुसरी नळी धरली, तोच धूर. तिसरी, तोच. एक थेंब काचेवर घेतला, रंग दिला, मायक्रोस्कोपला डोळा लावला. निळे-जांभळे बारीक मणी, द्राक्षाच्या घडासारखे चिकटून बसलेले. तिन्ही काचांवर तेच.

मी मोठ्यानं "देवा रे!" म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं. ज्याला ना ताप आणता येतो, ना पू धरता येतो, असला हा दुबळा जीव. हा त्या पोलादावर वर्ष-दीड वर्ष दम धरून बसला. सुई आली की झोपला, सुईचा अंमल उतरला की उठला. मुंबईचे सर्जन, विलायतेची विद्या, हातोड्यानं ठोकलेला दांडा, सगळं ह्यानं हलवून सैल केलं, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. मला त्याची भीती वाटली नाही. मला त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले, आणि तितकाच रागही आला.

सरांनी तिला सगळं समजावून सांगितलं. गोळा काढायचा, आतलं सगळं खरवडून धुवायचं, आणि नवा बसवायचा नाही. पाय तीन बोटं आखूड होईल, काठी लागेल. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "खाली बसता येईन काय?"

मुंबईला तिला सांगितलं होतं, आता जन्मात जमिनीवर बसायचं नाही, गोळा निसटेल. दोन वर्षं ती खुर्चीवर बसून एकटी जेवत होती. पापड लाटायच्या वेळी सगळ्या बाया खाली गोल करून बसायच्या आणि ती वरून बघायची. "साहेबिनीवानी," ती म्हणाली.

"बसता येईल," सर म्हणाले. "गोळा नसला की मांडी घालूनसुद्धा बसता येईल."

"मंग काढा तो."

ऑपरेशनमध्ये दांड्यामागे चमचाभर मऊ राखाडी गाळ निघाला. बाहेरून कुठं मागमूस नव्हता. तो गाळही माझ्याकडे आला आणि त्यातही तेच मणी. सर म्हणाले, "शुक्रवारी मी ह्यातच नवा गोळा ठोकला असता, बाई."

ती बरी होऊन आषाढात घरी गेली. नवरात्रात तपासायला आली, काठी टेकत, एका बाजूला झुकत, पण आपल्या पायांनी. मी आनंदानं पुढे झाले, तर तिचे डोळे भरलेले. "पाय वाचवला वं माय तुमी," ती म्हणाली. "पन पोरगी नाई धाडली त्यानं. पोळ्याले नाई, म्हालक्ष्मीले नाई. मने, माही सुई चालत नाई तं माही बायकोबी येनार नाई. आता दिवाळीलेबी नाई धाडत."

त्या साय धरलेल्या चहाच्या कपाची किंमत मला तेव्हा कळली. बाईनं "नोको" म्हणून काय पणाला लावलं होतं ते मी धडपणे विचारलंही नव्हतं. आणि मग माझा राग असा काही उसळला! थांब म्हटलं, ह्या कंपाउंडरला बोलावते आणि चांगली खरडपट्टी काढते. त्याच दिवशी कार्ड टाकलं, पण कार्डात मात्र गोड लिहिलं : आपल्या सासूबाईंच्या तपासणीसाठी आपली गरज आहे, दिवाळीआधी त्या पुन्हा येणार आहेत, खाली दिलेल्या तारखेला आपणही अवश्य यावं.

तो आला. इस्त्रीची टोपी, पायांत नव्या वहाणा, कपाळाला आठ्या. तिशीचाच असेल. सासूकडे न बघता लॅबमध्ये शिरला. "काय काम होतं बाई?"

मी त्याला स्टुलावर बसवलं आणि मायक्रोस्कोपकडे बोट केलं. ते जंतू मी इतके महिने नव्या नव्या जेलीवर घालून जिवंत ठेवले होते. त्यानं डोळा लावला. "हे तुमच्या सासूबाईंच्या खुब्यातले." मग एक प्लेट पुढे सरकवली. आठ-दहा दिवसांपूर्वी तेच जंतू पसरून मध्ये पेनिसिलिनचा थेंब ठेवला होता. "आणि हा गोल, तुमच्या सुईनं काढला तसा. तुमच्या सुईनं जंतू मेले नाहीत, फक्त लपले. दोन दिवसांत आम्ही पाय उघडणार होतो. तुम्ही दिलेली सुई त्यांच्या खुब्यातल्या पाण्यात उतरली होती, म्हणून आम्हाला कळलं. जंतू लपवले तेही तिनं आणि चुगली केली तीही तिनंच."

पुढची खरडपट्टी मी पाठ करून ठेवली होती. पण तो माणूस मायक्रोस्कोपवरून डोळा काढेना. आठ्या केव्हाच गेल्या होत्या. प्लेटीच्या काचेवर, त्या गोलाच्या कडेनं, त्यानं हलकेच बोट फिरवलं. "दिसते," तो म्हणाला. "सुई देल्लेली अशी दिसते?" मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई," शेवटी म्हणाला, "म्या किती जनाले देल्ली असंन?"

फळीवर माझी रजिस्टरं ओळीनं लावलेली होती, चार वर्षांची, पानोपानी माझ्या अक्षरात "वाढ नाही", आणि प्रत्येक दुसऱ्याच दिवशी लिहिलेलं. मी म्हणाले, "आणि मी किती जणांना लिहून दिलं असेल?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग टोपी घातली, आणि आम्ही दोघं बाहेर आलो.

बाहेर व्हरांड्यात सासू फरशीवर बसली होती. बाकडं रिकामं होतं तरी खालीच, मांडी घालून, शेजारी काठी आडवी. जावयाला पाहून तिनं पदर पुढे ओढला आणि उठायला लागली. तो हात द्यायला वाकला. "राहू द्या," म्हणाली, फरशीवर एक हात टेकला, कूस बदलली आणि आपली आपण उभी राहिली. तो वाकलेला तसाच राहिला, तिच्या पायांकडे बघत.

"मामी," मग तो म्हणाला, "वसुबारसेले धाडतो तुमच्या पोरीले. मी सोता घेऊन येतो."